इसम हरवला आहे, अंगात काही नाही

आमच्या आईला ताप आला की तिला माणसं आठवतात. ताप शंभराच्या आत असेल तर पुण्यातली, शंभरावर गेला की परभणीतली, आणि एकशे दोनला टेकला की थेट ताडकळसची. गेल्या पावसाळ्यात पारा एकशे दोनावर थोडा चढला आणि तिनं डोळे न उघडता विचारलं, “त्या पोराचं काय झालं रे?”

“कोणत्या पोराचं?”

“तुझ्या दूधभावाचं. बघ की जरा, कुठं हाय.”

पलंगाखाली सरकलेली चप्पल बघावी, अशा सुरात हे ‘बघ की जरा’ आलं. पोराला तिनं शेवटचं पाहिलं होतं १९७३ च्या पाडव्याला. तेव्हा ते जेमतेम आठ महिन्यांचं होतं. मीही तेवढाच होतो, त्यामुळं साक्षीदार म्हणून माझा काही उपयोग नव्हता.

ताप उतरला, पण विषय उतरला नाही. आई बरी झाली की मागच्या तापातल्या मागण्यांची थकबाकी वसूल करते.

ही गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली. १९७२ साली पाऊस पडला नाही. जनावरं मातीमोल भावानं गेली. सरकारनं कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे खडी. ज्या घरातली बाई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, तीही तोंडावर पदर ओढून हातोडी घेऊन बसली. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर सुकडी. त्या कामावर आमच्या आईच्या शेजारी एक बाई होती. नाव? आईला ठाऊक नाही. ती पिंगळीवाली होती. पिंगळी हे तिचं माहेर, आणि आमच्याकडं बाईला माहेर सापडलं की नावाची गरज उरत नाही. पिंगळीवालीचा नवरा सालगडी. ती खडी फोडायची आणि तिचं पोरगं आईच्या हवाली असायचं. बाभळीला दोन झोळ्या, एकीत मी, एकीत तो. रडलं की आई पदराखाली घ्यायची. कोण रडतंय याची चौकशी करत नसे. पाडव्याला साल संपलं आणि सालगड्याचं बिऱ्हाड, सगळ्या सालगड्यांची जातात तसं, एका बैलगाडीतून गेलं. कुठं गेलं, हे विचारायला आई घरात नव्हती. ती खडीवर होती.

“पाजलंय मी त्याला,” असं ती सांगते तेव्हा तिचा चेहरा सात-बारा नावावर असल्यासारखा होतो.

हरवलेल्या माणसांचं वर्णन वर्तमानपत्रात येतं, ते मला लहानपणी फार आवडायचं. रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा शर्ट, पायात स्लीपर, मराठी-हिंदी बोलतो. दूरदर्शनवरही अशी निवेदनं लागायची आणि आम्ही जेवता जेवता शेजाऱ्यांकडं संशयानं पाहायचो. तोच नमुना समोर ठेवून मी दूधभावाचं वर्णन लिहायला बसलो. वय आठ महिने. उंची मोजलेली नाही. अंगात काही नाही. गळ्यात काळा दोरा. कोणतीही भाषा बोलत नाही.

“आणखी काही खूण?” मी आईला विचारलं.

“डोक्यात दोन भोवरे,” ती म्हणाली. “लै ठसठशीत. मी तव्हाच मनलं होतं, ह्याची दोन लग्नं होणार.”

वर्णनात एवढी एकच ठोस गोष्ट होती, म्हणून मी ती अधोरेखित केली. बावन्न वर्षांच्या पुरुषाच्या डोक्यावर भोवरे शोधायचे म्हणजे मुळात डोक्यावर काहीतरी असायला हवं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. खरं तर मला ते सगळ्यांच्या आधी लक्षात यायला हवं होतं. माझा न्हावी माझ्याकडून निम्मेच पैसे घेतो.

दूधभाऊ हे नातं इतिहासात पाहिलं तर तसं वजनदार आहे. संभाजीराजांना दूध पाजणारी कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ, आणि तिची मुलं अंतोजी-रायाजी म्हणजे राजांचे दूधभाऊ. मोगलांकडं तर या नात्याला स्वतंत्र पदवी होती, ‘कोका’. अकबराचा एक दूधभाऊ अझीझ कोका सतत कुरबुरी करायचा, आणि आपल्या दोघांमध्ये दुधाची नदी आहे, ती ओलांडता येत नाही, असं म्हणून बादशहा त्याला माफ करायचा. दुसरा आधमखान. त्यानं या अझीझच्या वडिलांनाच ठार केलं, तेव्हा १५६२ साली बादशहानं त्याला गच्चीवरून खाली फेकायला लावलं. तो पहिल्या फेकीत मेला नाही म्हणून पुन्हा वर आणून पुन्हा फेकला. नदी ओलांडायची नसेल तर गच्ची वापरावी, एवढाच याचा अर्थ. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “तू त्याला नीट बोल, मंजे झालं.”

आता शोध कुठून सुरू करायचा? शहाणी माणसं शाळेपासून करतात. प्रवेश-निर्गम रजिस्टर. पण माझी पिढी ज्या शाळांत गेली तिथं आम्हा सगळ्यांचा जन्म १ जूनचा आहे. आई सांगते मी श्रावणात झालो, नागपंचमीला दोन दिवस होते, पण मास्तरांना नागपंचमीशी कर्तव्य नव्हतं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून पोरं जूनमध्ये जन्मायची. त्यामुळं जन्मतारखेवरून माणूस शोधायचा ठरवलं तर अर्धा मराठवाडा माझा जुळा भाऊ निघेल.

मग मतदार यादी. आमच्याकडं तीही निरुपयोगी, कारण नावं मोजकीच आहेत आणि ती आळीपाळीनं वापरली जातात. ज्ञानोबा, मारोती, सोपान, बालाजी, आणि परभणी जिल्ह्याची खास मिरासदारी म्हणजे मुंजाजी. भरलेल्या एस.टी.त “अहो मुंजाजी” अशी हाक मारून पाहा. पुढची चार डोकी वळतात आणि ड्रायव्हर आरशात बघतो.

माझा भाचा संगणकातला. तो म्हणाला, “मामा, तुम्ही ‘लायन’ पिक्चर बघितला का?” मी बघितला होता, आणि रडलोही होतो, पण ते त्याला सांगितलं नाही. खंडव्याचा एक पाच वर्षांचा पोरगा १९८६ साली बुऱ्हाणपूरच्या स्टेशनात रिकाम्या डब्यात झोपला आणि जागा झाला तेव्हा गाडी पळत होती. उतरला तो कोलकात्यात. तिथून १९८७ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात दत्तक गेला. त्याला गावाचं नाव सांगता येत नव्हतं. गणेश तलाई या वस्तीचं त्यानं ‘गिनेस्टले’ केलं होतं, बुऱ्हाणपूरचं ‘बेरामपूर’ की काय, आणि स्वतःचं नाव शेरू असताना सरू सांगत होता. मोठेपणी संगणकावर आकाशातून घेतलेल्या चित्रांत त्यानं हावड्यापासून एकेक रूळ धरून मागं यायला सुरुवात केली, आणि २०११ साली त्याला स्टेशनाजवळची पाण्याची टाकी आणि पूल दिसले. पुढच्या वर्षी तो आईच्या दारात उभा होता. एकही नाव बरोबर नव्हतं, टाकी तेवढी बरोबर होती.

खंडवा काही आम्हाला परकं नाही. पूर्णा जंक्शनवरून मीटरगेजची गाडी अकोल्यावरून खंडव्यालाच जायची. म्हटलं, त्या पोरानं टास्मानियातून खंडवा काढला, मला पुण्यातून ताडकळस काढता येणार नाही? रात्री अकरा वाजता मी आकाशातून ताडकळसवर उतरलो. परभणीकडून येणारा रस्ता दिसला, पूर्णेकडं जाणारा दिसला, पालमकडं जाणारा दिसला. काळी रानं दिसली. मग मी बाभूळ शोधायला लागलो. दोन झोळ्या ज्या बाभळीला बांधल्या होत्या ती बाभूळ. मराठवाड्यात बाभळीवरून जागा ओळखणं म्हणजे समुद्रात लाट ओळखण्यासारखं, हे मला पहाटे दीड वाजता पटलं. शिवाय ती बाभूळ १९७४ च्या उन्हाळ्यात चुलीत गेली, असं आईनं सकाळी सांगितलं. आधी विचारलं असतं तर डोळे वाचले असते.

भाच्याची दुसरी कल्पना जास्त घातक निघाली. त्यानं आईचा एक छानसा फोटो घेतला, हिरवी नऊवारी, डोक्यावर पदर, आणि खाली मजकूर लिहिला: १९७२ च्या दुष्काळात ताडकळस येथे या माउलीने ज्या बाळाला दूध पाजले त्याचा कुटुंबीय शोध घेत आहेत. आणि हे गावातल्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं. तीन मिनिटांत पहिलं उत्तर आलं: “भावपूर्ण श्रद्धांजली.” एकदा एकानं श्रद्धांजली वाहिली की दुसऱ्याला मजकूर वाचायचं कारण उरत नाही. संध्याकाळपर्यंत साठेक जणांनी वाहिली. एकानं “तुमच्या दुःखात आम्ही सहभागी” म्हणून जोडलेल्या हातांची तीन चित्रं टाकली, दुसऱ्यानं अंत्यविधी किती वाजता विचारलं, आणि सेलूच्या आत्या थेट रडत फोनवर आल्या. तो फोन आईनंच उचलला.

पुढचे दोन दिवस आई यादी करत होती. कोणी लिहिलं, कोणी नाही.

“थोरल्या जाऊबाईच्या पोरानं लिवलंच नाही का?”

“आई, तू जिवंत आहेस.”

“ते त्याला कुठं माहीत होतं?”

शेवटी मीच निघालो. पनवेल-नांदेड गाडी पुण्याहून निघून दौंड, लातूर, परळी करत सकाळी गंगाखेडला येते. तिथं थांबली की मला दर वेळी जनाबाई आठवते. गंगाखेडची पोर, बापानं पंढरपुरी दामाशेटींच्या घरात आणून सोडली, आणि तिथंच नामदेवाबरोबर वाढली. सातशे वर्षं झाली, पण त्या घरात तिचं नातं नेमकं कोणतं, हे कोणी एका शब्दात सांगत नाही. बहीण म्हणावं तर तसं कोणी म्हटलं नाही. ती स्वतः दासी म्हणवून घेते, आणि विठोबाशी असं भांडते की सख्ख्या बहिणीनंही भावाशी भांडू नये. आपल्या भाषेत मावस, चुलत, आते, मामे, सावत्र असा सगळा पसारा असताना पाळलेल्या बहिणीला शब्द सापडू नये, याचं मला नवल वाटतं. दूधभावाला निदान शब्द तरी आहे. गाडी हलली.

परभणी. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या म्हणीत जे परभणीत येतात ते शेवटचा उपाय म्हणून येतात. मीही तसाच आलो होतो. तिथून ताडकळस. तालुका पूर्णा, गावात पोलीस ठाणं आहे, बाजार समिती आहे, रेल्वे नाही. भाचा म्हणाला होता की सरळ ठाण्यात बेपत्ताची तक्रार द्या. मी मनातल्या मनात करून पाहिली. कधीपासून बेपत्ता? बावन्न वर्षं. नाव? माहीत नाही. तुमचं त्याच्याशी नातं? एका झाडाला टांगलेलो होतो. मी ठाणं टाळलं आणि हाटेलात शिरलो.

हाटेलाच्या बाकावर तीन म्हातारे होते. मी राम राम केला. मधल्या म्हाताऱ्यानं कान पुढं केला.

“कोणाचा तू?”

मी नाव आणि आडनाव सांगितलं.

“आडनाव ऱ्हाऊ दे. घर कोन्तं?”

“लिंबाजवळचं.”

“मंजे खोकल्याचा नातू का?”

आजोबा १९८१ साली गेले. खोकला मात्र गावानं जपून ठेवला होता. त्यानंतर पाऊण तास माझीच चौकशी झाली. आजोबांचा तांबडा बैल कोणाला विकला, आत्याच्या लग्नात कोणाचं जेवण राहिलं, आणि माझे वडील मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झाले होते, हे सगळं बाहेर आलं. शेवटच्या गोष्टीचा पत्ता मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दुसऱ्या कपाच्या वेळी लागला. याच वडिलांनी मला पाढे चुकले म्हणून उन्हात उभं केलं होतं.

“मग आता कामून आलास? वावराचं हाय का काही?”

“नाही.”

“सोयरिकीचं?”

“नाही.”

“इलेक्शनला उभं ऱ्हायचंय?”

“नाही हो. दूधभाऊ हुडकायलोय.”

तिघंही गप्प झाले. मग डावीकडचा हळूच म्हणाला, “त्यानं हिस्सा मागितला का?”

नातं म्हटलं की जमीन, आणि जमीन म्हटलं की कोर्ट, या क्रमानं आमच्याकडं विचार चालतो. वारसाहक्काच्या कायद्यात दुधाला जागा नाही, सात-बाऱ्यावर दूधभावाला रकाना नाही, हे मी पटवून दिलं तेव्हा त्यांची भीती गेली, पण त्याबरोबर रसही गेला. ज्या नात्यात भांडायला काही नाही ते कशाला हुडकायचं?

“कोणाचं पोरगं मनलास?”

“पिंगळीवालीचं.”

“कोन्ती पिंगळीवाली? थोरली, धाकली, बुटकी, का बोलती?”

गावात चार पिंगळीवाल्या होत्या. पिंगळी जवळ, त्यामुळं तिकडच्या पोरी इकडं यायच्या. मी पुण्याला फोन लावला. आई म्हणाली, “बोलती म्हण. लै बोलायची. मला बोलू द्यायची नाही.” आमच्या आईला जी बाई बोलू देत नव्हती तिच्याबद्दल मला एकदम आदर वाटला.

“बोलती!” उजवीकडचा म्हातारा, जो आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता, तो बोलला. “दुधाचं इचारायचं तर चाचीला इचार. तिच्यापाशी सगळा हिशोब हाय.”

मागच्या गल्लीत चाचींचं घर. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि स्मरणशक्ती तलाठ्याच्या दप्तराला लाजवणारी. त्यांच्या मुलानं मला मुद्दा समजावला. मुसलमानांत दूध पाजलेली बाई आईच्या जागी, तिची मुलं सख्ख्या भावंडांसारखी, त्यांच्यात लग्न होत नाही. त्यामुळं कोणी कोणाला पाजलं हे बायांना लक्षात ठेवावंच लागतं. पोरांची लग्नं जुळवताना हा हिशोब काढतात. आम्ही पत्रिका काढतो, त्यात छत्तीस गुण असतात, पण दूध नसतं. चाचींनी आपल्या गल्लीचा हिशोब ठेवता ठेवता शेजारच्या हिंदू गल्लीचाही ठेवला होता, कारण एकदा वही उघडली की पान कोरं सोडवत नाही.

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. हिचं त्यानं प्यायलं, तिचं हिनं. या हिशोबानं गावातले दोन कट्टर राजकीय विरोधक दूधभाऊ निघाले. त्यांना हे माहीत नव्हतं आणि चाचींनी सांगितलंही नव्हतं.

“आणि पिंगळीवालीच्या पोराला आमच्या आईनं पाजलं,” मी म्हणालो.

चाची थांबल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, सुनेनं पाणी आणून दिलं.

“कौन बोल्या?”

“आई.”

“अच्छा,” चाची म्हणाल्या आणि सुनेकडं पाहून पुन्हा हसल्या. “तू पूर्णे को जा. उसका मरद वहाँ रेल्वे में लगा था. उसी को पूछ.”

पूर्णा म्हणजे जुनं जंक्शन. आमच्या लहानपणी गावातलं कोणी नाहीसं झालं की ते मुंबईला तरी गेलेलं असे, नाहीतर पूर्णेला रेल्वेत लागलेलं असे. मला हे आधी सुचायला हवं होतं. पण मी टास्मानियाच्या अंगानं विचार करत होतो. रेल्वे क्वार्टर्सच्या बाजूला दोन ठिकाणी विचारलं. “गँगमन होते, बायको लै बोलती,” एवढ्यावर एका पोरानं बोट दाखवलं. “त्यांचा मुलगा? तो काय, मोटार रिवायंडिंगवाला.”

दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. जळालेल्या पाणबुडी मोटारी ओळीनं निजवलेल्या. वार्निशचा वास. आत एक काटकुळा माणूस स्टुलावर बसून हातानं चरखी फिरवत तांब्याची तार गुंडाळत होता. मी प्रथम त्याचं डोकं पाहिलं. डोकं चकचकीत होतं. त्यात ट्यूबलाइट दिसत होती, भोवरा एकही नव्हता.

“किती एचपीची हाय?” मान वर न करता त्यानं विचारलं.

“मोटार नाही. मी ताडकळसचा. मी तुमचा…” आणि इथं घसा दाटला. आठशे शब्दांचं भाषण मी गाडीत तयार केलं होतं. “मी तुमचा दूधभाऊ.”

“बसा,” तो म्हणाला. “एवढं कॉईल होऊ द्या. मोजणी चुकली तर पहिल्यापासून उलगडावं लागतं.”

मी बसलो. त्याचे ओठ हलत होते. बावन्न वर्षांनी भेटलेला भाऊ समोर त्रेचाळीस, चव्वेचाळीस करत होता. सिनेमात अशा वेळी सारंगी वाजते. इथं शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता. कॉईल संपलं, तार कापली, हात पुसले, आणि मग त्यानं मला पायापासून टकलापर्यंत पाहिलं.

“मंजे ते रडकं तुम्हीच का?”

“रडकं?”

“माय सांगते ना. ताडकळसला एक पोरगं होतं, लै रडायचं. त्याच्या मायला दूधच उतरायचं नाही. मनून माझ्या मायनं पाजलं.” त्यानं माझ्या पोटाकडं पाहिलं, मग स्वतःच्या बरगड्यांकडं. “माझ्या वाट्याचं पिलात तुम्ही. दिसायलंय ते.”

बावन्न वर्षं ज्या उपकाराच्या बाजूनं मी जगाकडं पाहत होतो ती बाजूच उलटी निघाली. चाची का हसल्या ते आता कळलं.

त्याला माझ्याबद्दल सगळं माहीत होतं. पुण्यात असतो, कर्ज काढून फ्लॅट घेतला, गुडघा दुखतो. ताडकळसची माणसं मोटारी घेऊन त्याच्याकडं येतात आणि कॉईल भरेपर्यंत त्यांना दुसरं काम नसतं.

“मग कधी भेटायला आला नाहीत?”

“तुमचा पत्ता मला ठावं होता,” तो म्हणाला. “मंग कशाला हुडकू?”

दुकानामागंच घर. पिंगळीवाली, म्हणजे आता माझी दूधआई, खाटेवर बसली होती. मला जवळ ओढून तिनं माझे गाल चाचपले आणि पुढचा अर्धा तास बोलली. एका कानानं ऐकू येत नसल्यामुळं तिला मध्ये कोणी थांबवू शकत नव्हतं. मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. दोन म्हाताऱ्या एकमेकींना पाहून आधी रडल्या. ते पाच मिनिटं टिकलं.

“पाजलं मी तुझ्या पोराला,” आमची आई म्हणाली.

“तू? तुला व्हतं का दूध? पाणीच नुस्तं!”

“मग तुझं काय खवा होता?”

दूधभाऊ माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. हळूहळू खरी गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आली. दोघींचीही पोरं अंगावरची. मुकादम पोरं घेऊन खडी फोडू देत नव्हता. म्हणून दोघींनी दिवस वाटून घेतले होते. एक दिवस ही खडीवर आणि ती बाभळीखाली, दुसऱ्या दिवशी उलट. हजेरी एकीचीच लागायची, पैसे निम्मे-निम्मे. बाभळीखाली जी असेल तिनं दोघांना पाजायचं. पुढं २००५ साली केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं गेलं की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर एक बाई ती सांभाळायला नेमावी. ताडकळसला त्याच्या तेहेतीस वर्षं आधी दोन पोरांवरच ते सुरू झालं होतं. फक्त प्रत्येकीला आपल्या पाळीचे दिवस तेवढे लक्षात राहिले होते.

“तुझ्या पाळीला त्यो उपाशीच ऱ्हायचा,” पिंगळीवाली म्हणाली.

“आन् तुझ्या पाळीला तू बडबडत बसायचीस, पोरं झोपंना.”

मग दोघी त्या मुकादमावर घसरल्या. त्यानं खडीच्या मापात कशी लबाडी केली, पेटी किती इंच उंच होती, यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं. आम्हाला त्या विसरल्या. दूधभावानं चहा आणला. बशीत ओतून प्यायलो.

एवढ्यात आईला आठवलं. “अगं, ते भोवरे बघितले का? ह्याला मी सांगून धाडलं होतं. तुझ्या पोराच्या डोक्यात दोन भोवरे होते.”

“माझ्या पोराच्या?” पिंगळीवाली फोनच्या इतकी जवळ गेली की पुण्यात फक्त तिचं नाक दिसत असणार. “तुझ्या पोराच्या डोक्यात होते गं! मीच न्हाऊ घालायची, मला ठावं न्हाई का? दोन भोवरे, लै ठसठशीत. मी मनलं होतं तुला, ह्याची दोन लग्नं हुतेत मनून.”

माझा हात आपोआप डोक्याकडं गेला. दूधभावाचाही त्याच्या डोक्याकडं गेला. दोन्ही ठिकाणचा पुरावा नष्ट झालेला होता.

पुण्याच्या बाजूला क्षणभर शांतता. मग आईच्या मागून, स्वयंपाकघराच्या दिशेनं, माझ्या बायकोचा आवाज जवळ येत येत विचारता झाला, “कोणाच्या डोक्यात म्हणालात?”

दूधभावानं हात लांब केला आणि फोन बंद केला.

“पूर्णेला रेंज लै खराब हाय,” तो म्हणाला. “सांगा तसं.”